जिंकलेल्या बाजूचा माणूस

(व्हर्माँट राज्यातलं एक डोंगरी गाव. मार्चमधला पहिला मंगळवार, म्हणजे गावसभेचा दिवस. सकाळचं मतदान आटोपून जेवणाची सुट्टी झाली आहे. सभागृहामागच्या स्वयंपाकघरात सभेचा अध्यक्ष हॉलिस उभ्यानेच जेवतो आहे. समोर त्याची मुलगी लोर्ना, गावच्या शाळेतली शिक्षिका.)

लोर्ना: जेवा, जेवा. शाळा बुडवून भूक चांगली लागली असेल.

हॉलिस: शाळा बुडवणं मी लहानपणीच सोडलं. आज सभेने ती बंद करायचा ठराव केला. मी फक्त हात मोजले.

लोर्ना: एका मताने बंद केली! आणि ते एक मत दारात उभं होतं, बाबा. कानापर्यंत टोपी, बुटांना बर्फ. आर्मंडने हातसुद्धा वर केला होता. सगळ्यांनी पाहिला.

हॉलिस: मीही पाहिला.

लोर्ना: आणि तरी म्हणालात, "मोजणी सुरू झाली आहे, आपण बाहेर थांबावं." 'आपण' म्हणे! ज्याच्याबरोबर दर शनिवारी मासे धरायला जाता, त्याला!

हॉलिस: सभेत सगळेच 'आपण'. तळ्यावर तो मला काय म्हणतो, ते तुला सांगण्यासारखं नाही.

लोर्ना: हसवू नका. मी रागावले आहे.

हॉलिस: दिसतंय. बीन्स घे थोडे. रिकाम्या पोटी राग बाधतो.

लोर्ना: नकोत मला बीन्स. मोजणी पुन्हा पहिल्यापासून घेतली असती, तर कोणी चकार शब्द काढला नसता.

हॉलिस: नसता काढला. म्हणूनच घेतली नाही. हे बघ लोर्ना, ठराव माझ्या मुलीच्या शाळेचा. उशिरा आलेला माणूस माझ्या मुलीच्या बाजूचा. आणि त्याला आत घेणार कोण, तर मी?

लोर्ना: बाजूचा असणारच. त्याची नात शिकते माझ्याकडे.

हॉलिस: तेच म्हणतोय. तुझ्या आईलाही एकदा असंच थांबवलं होतं मी. तुझा मामा निवडणुकीला उभा होता, आणि ही ऐन मोजणीत दारात हजर. हातात केक.

लोर्ना: मग?

हॉलिस: मामा पडला. तो केक आमच्या घरी परत आलाच नाही. त्यानंतर बरेच दिवस कुठलाच केक आला नाही.

लोर्ना: तुम्हाला तरी शाळा हवी आहे का हो? सकाळपासून खुर्चीत नुसते ठोकळ्यासारखे बसलायत. तुमच्या पोटच्या पोरीला ठाऊक नाही, तुमचं मत काय ते.

हॉलिस: तुला ठाऊक असतं, तर मी वाईट अध्यक्ष ठरलो असतो.

लोर्ना: आणि बाप? बाप कसे ठरलात?

हॉलिस: ते सभा संपल्यावर विचार. उत्तर असेलच असं नाही. पण विचार.

लोर्ना: बरं. बापाला नाही विचारत, अध्यक्षांना विचारते. या गावची मतदार म्हणून. झालेला ठराव पुन्हा सभेपुढे आणायचा काही मार्ग आहे?

हॉलिस: आहे. फेरविचाराची सूचना मांडता येते. पण आजच, आणि पुढचा विषय सुरू व्हायच्या आत.

लोर्ना: म्हणजे जेवणानंतर लगेच. मग मी मांडते!

हॉलिस: तुला नाही मांडता येणार. तू हरलीस. ही सूचना जिंकलेल्या बाजूच्या माणसानेच मांडायची असते.

लोर्ना: हा कुठला नियम! जिंकलेला माणूस कशाला मरायला फेरविचार मागेल?

हॉलिस: बहुधा नाहीच मागत. हरलेल्यांना तर तो हवाच असतो. त्यांना परवानगी दिली, तर मार्चमधली सभा जूनपर्यंत चालेल. पण जिंकलेल्यालाच थांबावंसं वाटलं, तर मात्र सगळ्यांनी थांबून ऐकावं. एवढाच अर्थ आहे त्याचा.

लोर्ना: तुम्ही कधी पाहिलंय असं कोणी थांबलेलं?

हॉलिस: किरकोळ गोष्टींवर, हो. शाळेएवढ्या गोष्टीवर कधी नाही.

लोर्ना: मग एल्विनकाकांना सांगा ना. ठराव त्यांनी आणला. तुमचे बालमित्र आहेत.

हॉलिस: मी कोणाच्या कानाशी लागू शकत नाही. विचारलं तर सांगतो. तुला सांगितलं, त्याने विचारलं तर त्यालाही सांगेन.

एल्विन: कोणाला काय सांगणार आहेस रे? बाहेर हॅम संपलंय. इथे काही शिल्लक आहे का?

लोर्ना: या, एल्विनकाका. अभिनंदन.

एल्विन: एवढं आंबट तोंड करून अभिनंदन करू नये पोरी. माझ्या गाईंचं दूध नासेल.

लोर्ना: माझी शाळा बंद करून वर गाईंची काळजी!

एल्विन: तुझी कशी? माझीही आहे ती. तिथल्याच बाकावर हा तुझा बाप माझ्या पाटीत डोकावून पास झाला.

हॉलिस: उलट होतं ते.

एल्विन: आज तू अध्यक्ष आहेस, तुला मत नाही. गप्प बस. हे बघ लोर्ना, चौथीत तुझ्याकडे पोरं किती?

लोर्ना: एक.

एल्विन: एक! मधल्या सुट्टीत ती कोणाशी खेळते? भिंतीशी. चेंडू भिंतीवर मारते आणि स्वतःच झेलते. येता-जाता बघतो मी. डोंगरापलीकडच्या शाळेत तिला मैत्रिणी मिळतील. आणि इथे शाळेचा कर भरता भरता माझ्या बहिणीसारख्या बायका जमिनी विकायला निघाल्यात. दुष्टपणाने नाही आणला मी ठराव.

लोर्ना: दुष्टपणा कोण म्हणतंय? पण एवढीशी पोरं, हिवाळ्यात, त्या खिंडीतून बसने जाणार. आणि शाळा गेली की गावात उरतं काय? चर्च आणि कबरस्तान.

एल्विन: हे तू सकाळी सभेत म्हणालीस. छान म्हणालीस. माझ्या बाजूची दोन माणसं तू बसल्या जागी फोडलीस, मी बघत होतो.

लोर्ना: टीव्हीवरच्या पुढाऱ्यांसारखं तुम्ही जरा वाईट तरी बोलायचं होतं. मग तुमच्यावर नीट चिडता आलं असतं.

एल्विन: वाईट बोलायची सोय ठेवलीय कुठे? आपसात बोलायचं नाही. जे काय असेल ते 'अध्यक्ष महाराज' म्हणून तुझ्या बापाच्या तोंडाकडे बघून बोलायचं. त्या तोंडाकडे बघितलं की अर्धा राग जातो, आणि उरलेल्या अर्ध्याला झोप लागते. वॉशिंग्टनला पाठवा याला.

हॉलिस: जातो की. तुझ्या पक्षाच्या लोकांना झोपवायला मी एका पायावर तयार आहे.

एल्विन: तुझ्या पक्षाचे आधीच घोरतायत.

लोर्ना: तुमचं संपलं असेल तर एक बोलू? काका, जेवणाआधीची प्रार्थना तुम्ही सांगितलीत.

एल्विन: दरवर्षी मीच सांगतो. पाद्रीबाई लांबण लावतात आणि जेवण गार होतं.

लोर्ना: देवाचे आभार मानलेत. अन्नाबद्दल, रांधणाऱ्या हातांबद्दल, आणि "ज्याने आज आमचा रस्ता मोकळा केला" त्याच्याबद्दल.

एल्विन: मानले. मग?

लोर्ना: तो कोण, हे मनात होतं का तुमच्या?

एल्विन: बर्फाची गाडी गावात दुसरं कोण चालवतं? आर्मंडच.

लोर्ना: आणि आज सकाळी आर्मंड कुठे होता?

एल्विन: मला काय ठाऊक? मी निघालो तेव्हा रस्ता चक्क साफ होता. म्हटलं, आज बर्फाने त्याच्यावर दया केली, काम लवकर आटोपलं.

लोर्ना: बर्फाने नाही केली. तुमच्या वळणावर पाइनचं झाड आडवं झालं होतं. आर्मंड उजाडल्यापासून करवत घेऊन तिथे होता. ते काढलं, तुमचा रस्ता केला, मग वरच्या घरांचा केला, आणि सगळ्यांच्या शेवटी स्वतः इथे आला.

एल्विन: हे तुला कोणी सांगितलं?

लोर्ना: त्यानेच. आत्ता, बाहेर, ताट वाढून घेताना. तक्रार नव्हता करत. उलट म्हणाला, "एल्विनच्या जुन्या ट्रकला वळायला जागा लागते, म्हणून बुंधासुद्धा ओढून काढला."

एल्विन: हॉलिस, तुला हे माहीत होतं?

हॉलिस: आत्ता कळलं.

एल्विन: सकाळी माहीत असतं, तर घेतलं असतंस त्याला आत?

हॉलिस: नाही.

एल्विन: खरंच नाही?

हॉलिस: मी कारणं बघून दार उघडायला लागलो, तर पुढच्या वर्षी प्रत्येकाकडे एक कारण असेल. आणि आपल्या माणसाचं कारण मला नेहमीच जास्त खरं वाटेल. मी माणूसच आहे.

एल्विन: बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं. म्हणजे मी नियमाने जिंकलोय.

हॉलिस: नियमानेच.

एल्विन: कोणाला फसवलं नाही. कोणाला अडवलं नाही.

हॉलिस: नाही.

एल्विन: मग असा काय बघतोयस माझ्याकडे?

हॉलिस: मी बीन्सकडे बघतोय.

एल्विन: मित्र म्हणून सांग. तुझं काय म्हणणं आहे?

हॉलिस: सभा संपेपर्यंत मी तुझा मित्र नाही, एल्विन.

एल्विन: खडूस! पहिल्यापासून असाच.

लोर्ना: काका, एक नियम आहे...

एल्विन: मला नियम शिकवू नकोस. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी या सभेत भांडतोय. जिंकलेल्या बाजूचा माणूस, पुढचा विषय सुरू व्हायच्या आत. सगळं ठाऊक आहे मला.

लोर्ना: ठाऊक होतं तुम्हाला?

एल्विन: दारात आर्मंडला पाहिलं तेव्हाच आठवला तो नियम. हॅम बाहेर ढीगभर पडलंय, पोरी. आर्मंड नेमका माझ्या समोर येऊन बसला, म्हणून उठून आलो. उशीर का झाला, ते विचारायचासुद्धा धीर झाला नाही. आणि आता तू हे झाडाचं सांगतेस. देवापुढे डोळे मिटून त्याचे आभार मानले, आणि त्याच्या पाठीमागे त्याच्याच नातीची शाळा बंद करून बसलो. लाज वाटते मला. झालं समाधान?

लोर्ना: समाधान कसलं, काका.

एल्विन: पण दुसरी बाजूही ऐक. या ठरावासाठी तीन वर्षं दारोदार फिरलोय मी. कुत्री अंगावर आली माणसांची. बहिणीला शब्द दिला होता, या खेपेला नक्की होणार. ती बाहेर बसलीय. शेजारणीशी बोलता बोलता हसतेय. किती दिवसांनी हसताना बघतोय मी तिला. तिला काय सांगू जाऊन?

लोर्ना: मी तुम्हाला सूचना मांडा म्हणणार नाही.

एल्विन: का नाही? शाळा तर तुझी आहे.

लोर्ना: म्हणणार होते. तुम्ही आत आलात तेव्हा अगदी ओठांवर होतं. आता म्हणवत नाही. तुमच्या बहिणीच्या हातचा जॅम खाऊन वाढले मी.

एल्विन: ऐकलंस, हॉलिस? ही तर माझ्याच बाजूने बोलायला लागली. अशाने माणसाने भांडायचं कोणाशी?

हॉलिस: घंटेची वेळ झाली.

एल्विन: थांब. एक विचारायचंय. तुला नाही, अध्यक्षांना.

हॉलिस: विचार.

एल्विन: आर्मंडचं मत पडलं, तर दोन्हीकडे सारखी मतं. मग काय होतं?

हॉलिस: ठराव पडतो. खुर्चीतून मी मत देत नाही.

एल्विन: म्हणजे मी हरतो.

हॉलिस: हो.

एल्विन: पुढच्या वर्षी पुन्हा आणता येतो?

हॉलिस: दरवर्षी आणता येतो.

एल्विन: आणि तोवर माझ्या बहिणीची जमीन राहील, असं कुठल्या नियमात लिहिलंय?

हॉलिस: कुठल्याच नाही, एल्विन. तसा नियम असता तर बरं झालं असतं.

एल्विन: हं. एवढं मात्र मित्रासारखं बोललास. जा, वाजव घंटा.

हॉलिस: (सभागृहात, घंटा वाजवून) मंडळी, बसून घ्या. मागच्यांनी कॉफीचे पेले बाहेर ठेवावेत. आजीबाईंना पुढे जागा द्या. सभेचं कामकाज पुन्हा सुरू होत आहे. यापुढचा विषय, गावचे रस्ते आणि...

एल्विन: अध्यक्ष महाराज!

हॉलिस: श्री. एल्विन प्रुइट. बोलावं.

एल्विन: पुढचा विषय सुरू व्हायच्या आत मला एक सूचना मांडायची आहे. शाळेच्या ठरावाचा फेरविचार व्हावा.

हॉलिस: शांतता. शांतता राखा, मंडळी. श्री. प्रुइट, नियमाप्रमाणे मला विचारणं भाग आहे. आपण या ठरावावर कोणत्या बाजूने मत दिलं होतं?

एल्विन: आपण तर पाहिलंत, अध्यक्ष महाराज.

हॉलिस: सभेला ऐकू आलं पाहिजे.

एल्विन: जिंकलेल्या बाजूने.

हॉलिस: अनुमोदन?

लोर्ना: माझं, अध्यक्ष महाराज.

हॉलिस: फेरविचाराला कोणाची हरकत असल्यास हात वर करावा. नाही, एकही हात दिसत नाही. तर ठराव पुन्हा सभेपुढे आहे. श्री. प्रुइट, आपलं मत बदललं आहे, असं सभेने समजावं का?

एल्विन: छे! मत कशाला बदलेल? शाळा बंद व्हायला हवी, असंच माझं म्हणणं आहे, आणि माझा हात पुन्हा तिकडेच वर होणार. फक्त या खेपेला सगळे आत आल्यावर मोजा.