आज फक्त लक्ष दिलं

चहा घे आधी, मग सांगते आमच्या शाळेतल्या कॅमेऱ्याचं. इंदरगंजच्या हिंदी शाळेत मी नववीला गणित शिकवते, ते तुला ठाऊकच आहे. यंदा नवीन धोरण आलं. वर्गात कॅमेरा लावला आणि कोणाचं लक्ष आहे ते मशीन ठरवू लागलं. मान वर असली तर लक्ष आहे, खाली गेली तर नाही.

लवकरच प्रिन्सिपल सरांनी बोलावलं. "मॅडम, आपकी क्लास सबसे पीछे है."

"सर, बच्चे सवाल हल करते हैं. सिर तो नीचे रहेगा ही."

"पॉलिसी है. सुधार लीजिए, नहीं तो लिखित में जवाब दीजिए."

असा संताप झाला! वर्गात गेले आणि म्हटलं, "आज कोई नहीं लिखेगा. सब कैमरे को देखो." मीही खडूला हात लावला नाही. अख्खा तास मुलं कॅमेऱ्याकडे बघत बसली.

तास संपायच्या आत सर स्वतः वर्गात आले, एकदम खूश. "शाबाश! आज तो आपकी क्लास सबसे आगे है. बोलो बेटा, क्या सीखा?"

पहिल्या बाकावरची सानिका उभी राहिली. "कुछ नहीं सर, आज तो बस ध्यान दिया."

मी म्हटलं, "लिखित जवाब भी दे दूँगी, सर. पर पढ़ाऊँगी पहले जैसे ही."

मग मुलांकडे वळले. "चलो, कॉपी निकालो."

सरांच्या देखत वह्या उघडल्या आणि सगळ्या माना खाली गेल्या.