डोळ्यांत वाळू

तारीख-वार सांगताना माझी गल्लत होईल, पण अन्याय झाला होता हे मी कुणालाही सांगेन. गास गावात बस्त्यावच्या घरी आम्ही एकेक वीर होऊन, फासे टाकून गोष्टीतल्या राक्षसांशी लढायचा खेळ खेळत होतो. गोष्ट सांगत खेळ चालवत होती त्याची मुलगी रिया. गुहेतल्या राक्षसाने बस्त्यावच्या वीराचा गळा धरला.

"मी राक्षसाच्या डोळ्यांत वाळू फेकतो," मी म्हणालो.

"नक्की डोळ्यांत, सर?" रियाने विचारलं.

एरवी मी पाव घेतानाही दोनदा विचार करतो. तेव्हा म्हणालो, "नक्की!"

फाशावर सर्वांत मोठा आकडा पडला, म्हणजे नेम अचूक.

"काहीच झालं नाही. पप्पा, तुम्ही मेलात."

"अहो सर, हातात तलवार होती ना?" बस्त्याव ओरडला.

"ही शुद्ध लबाडी आहे!" म्हणत मी चहा तसाच टाकून उठलो.

काही वर्षांनी खेळाच्या पुस्तकात तो राक्षस मी स्वतः शोधून काढला. त्याला डोळेच नव्हते.