पारावरची लोळण

जिजाबाई : हसू नाही तं काय करू? माह्या माहेरचा सारा गाव पारावर बसला, अन् तुमी, या मेडशीचे जावई, फेट्यासकट धुळीत लोळले!

जगदेव : लोळलो नाही. लोळून दाखवलं. फरक हाय त्यात.

जिजाबाई : तो फरक पाटलाच्या सुनंले सांगा. मले इचारते, "जिजे, तुह्या नवऱ्याले फिट येते का वं?"

जगदेव : मंग? तू काय सांगतलं?

जिजाबाई : म्या म्हटलं, फिट नाही बाई, वाशिमच्या कापसाच्या जिनातून शिकून आले. तं म्हनते, जिनात कापूस पिंजतात का मानसं?

जगदेव : हस, हस. उनातानात कवायत केली आमी, ते काय हसायले? लढाई चालू हाय, बाँब पडून आग लागाचं भेव. वरून हुकूम आला, का जिनात आग इझवाच्या बंबावर जे गडी हायेत त्याईले शिकवा अन् गावोगाव धाडा. आगीपासून कसं जपाचं, थे लोकाईले सांगाले. म्या तं मेडशी मागून घेतली.

जिजाबाई : मागून घेतली! सासुरवाडीचा पाहुनचार दिसला असंल.

रंगूबाई : जिजे, सरक तिकडं. जावईबापू, हे घ्या पानी. आंग ठनकत असंल तुमचं.

जगदेव : मामी, आता तुमीबी?

रंगूबाई : म्या कुठं काय म्हटलं? जावई आला तं लोकं पाय धुवाले पानी देतात. माह्या जावयाले आंघोळीलेच काढा लागलं, एवढंच.

जिजाबाई : दोनदा काढलं, माय. फेटा अजून वलाच हाय.

जगदेव : करा बाप्पा चेष्टा. पन मामी, काल पारावर सारे गडीमानसंच होते, बाया दुरूनच पाहून गेल्या. आग लागते चुलीपाशी, अन् चुलीपाशी असतात बाया. आज बाया नाही आल्या तं माहं येनं वाया गेलं.

रंगूबाई : बाया नाही यायच्या. गावच्या जावयापुढं बाया कशा बसतीन? अन् बसल्याच, तं तोंडात पदर कोंबून हसतीन नुसत्या.

जिजाबाई : अन् लोळाचं कायले म्हनतो मी? लुगड्याले इस्तो लागला तं धावत जावं, रांजनातलं पानी घ्यावं अन् आंगावर घ्यावं. झालं.

जगदेव : धावतच नाही जायचं, जिजा. तेच तं सांगाले आलो मी.

जिजाबाई : काहून? पाय लचकते का?

जगदेव : धरमसिंग धावला होता.

जिजाबाई : कोन धरमसिंग?

जगदेव : जिनात हमाल होता. तांड्यावरून यायचा. मले भाऊ म्हने. माघ महिन्यात रुईच्या ढिगाले आग लागली, त्याच्या धोतराले झळ पोचली. सारे लोकं वरडले, "पय धरमसिंग, विहीर गाठ!" तो पयला. जसा पयला तसा वारा लागला. गुडघ्याएवढी आग डोक्याएवढी झाली.

रंगूबाई : पोचला का विहिरीपाशी?

जगदेव : पोचला. पन गेला, मामी. साहेब मंग आमाले शिकवाले आला तवा समजलं, जाग्यावर पाडून कोनं घोंगडी टाकली असती तं वाचला असता. ठाऊकच नोहतं कोनाले.

जिजाबाई : हे तुमी मले कधी सांगतलं नाही.

जगदेव : काय सांगू? तू हसत असते तवा घर बरं लागते.

रंगूबाई : जिजे.

जिजाबाई : काय माय?

रंगूबाई : उतरंडीमांगची मोठी घोंगडी काढ. अन् गोजराबाईले हाक मार. तिले म्हनावं, रंगूबाई पारावर चालली. गोजरा निघाली का साऱ्या आळीतल्या बाया निघतात.

जिजाबाई : तू पारावर जाऊन काय करशीन?

रंगूबाई : लोळतो.

जगदेव : मामी! तुमी नाही. तुमाले शोभन का?

रंगूबाई : तुमाले शोभलं ना? जावई लोळला तं गाव हसला. सासू लोळली तं कोन हसते ते पाह्यतो मी.

जगदेव : बरं. मंग तुमी पडल्या का मी वरून घोंगडी टाकतो अन्...

रंगूबाई : तुमी? जावयानं सासूच्या आंगाले हात लावावा? आग लागली तरी नाही!

जगदेव : खरी आग लागली तं लावीन, मामी. मंग रागवा वर्षभर.

रंगूबाई : खऱ्याच्या वक्ताले पाहू. आज घोंगडी जिजा टाकीन. तुमी पाठ करून उभे राहा अन् तोंडानं सांगा.

(उन्हं कलल्यावर, मारुतीच्या पारावर. बाया जमल्या आहेत. जगदेव त्यांच्याकडे पाठ करून उभा आहे.)

जगदेव : मामीच्या पदराले इस्तो लागला! मामी, धावू नका!

रंगूबाई : मी कायले धावू? गुडघे कुठं धावू देतात?

जगदेव : उभ्याबी राहू नका! खाली पडा!

रंगूबाई : दम धरा, बापू. जिजे, हात दे. लुगडं सांभाळ माहं. हं... पडलो.

जगदेव : पडल्या का?

जिजाबाई : पडली. तुमी तिकडंच पाहा.

जगदेव : आता दोन्ही हातानं तोंड झाका अन् लोळा. ह्या कुशीवरून त्या कुशीवर.

जिजाबाई : लोळून राह्यली... बाई वं, माही माय लोळून राह्यली!

जगदेव : बाया हसून राह्यल्या का?

जिजाबाई : नाही. साऱ्या उठून उभ्या राह्यल्या. गोजरामावशी तं पारावर चढली.

जगदेव : घोंगडी टाक आता. गळ्यापासून खाली टाक, जाळ तोंडाकडं नाही आला पाह्यजे. अन् वरून थापट.

जिजाबाई : अशी?

जगदेव : मले काय ठाऊक? पाठीले डोळे हायेत का माह्या?

जिजाबाई : पाहा वं बायांनो, गळ्यापासून पायाकडं थापटत जायचं. घोंगडी नसंल तं वलं पोतं घ्या. हाताशी काहीच नसंल तं मातीत लोळा. अन् कोनी "पय, पय" म्हटलं तं त्याचं आयकू नोका. आपली लेक असो का सून, जाग्यावर पाडा तिले. लाज धरू नोका.

जगदेव : जिजा, तू तं माह्याहून बरं सांगून राह्यली.

जिजाबाई : मंग साहेबाले सांगा, पुढच्या गावाले, शिरपूरले, हिलेच धाडा म्हना. तुमी घरी भाकरी थापा.

जगदेव : थापतो. पन चुलीपाशी ही घोंगडी घेऊनच बसीन.

जिजाबाई : गोजरामावशी म्हनते, आता मले पाडा. पाटलाची सून म्हनते, तिच्यानंतर मी.

जगदेव : पाडा, पाडा! पह्यले मामीले तं उठवा.

जिजाबाई : माय, उठ. झालं आता, इझली आग... माय? अवो, ही उठत नाही.

जगदेव : काय झालं? फिरू का इकडं?

रंगूबाई : फिरू नका, बापू. काही नाही झालं मले.

जिजाबाई : मंग उठत काहून नाही? लागलं का कुठं?

रंगूबाई : नाही वं. माही माय गेली, तवापासून कोनं थापटलं नोहतं मले. थापट अजून जराशी. इझली नाही अजून.