खुंटीवरचा दिवा

(सुतारकामाचा छोटा कारखाना. यंत्राची करवत नुकतीच थांबली आहे.)

लेक : ...आणि नवा फोन असा पालथा, खिळ्यांच्या डब्यात? एवढ्या हौसेनं आणून दिला होता मी!

बाबा : जोरात बोल, चिमणे. करवतीनं कान खाल्लेत माझे.

लेक : म्हटलं, नवा फोन डब्यात का?

बाबा : मग काय कपाळाला बांधू? मुखदुर्बळ आहे तो. कुणी हाक मारली तरी डोळा मिचकावत नाही. माझा जुना बघ, त्या खुंटीवरचा. कुणाचा फोन-मेसेज आला की भुशाच्या ढगातूनसुद्धा त्याचा दिवा दिसायचा.

लेक : आता फोनना दिवे नसतात, बाबा. सगळी काचच उजळते ना!

बाबा : उजळते नि विझते. तेवढ्यात माझी नजर फळीवर असते. नजर हलली की बोट गेलं. जुना बिचारा मी मान वर करेपर्यंत लुकलुकत थांबायचा. माणसागणिक दिव्याचे रंग तूच लावून दिले होतेस. गिऱ्हाइकांचा पांढरा, तुझा हिरवा...

लेक : दादाचा निळा.

बाबा : त्याचं नाव कशाला काढतेस मधेच?

लेक : तुम्ही खुंटीकडे बघताय म्हणून.

बाबा : घड्याळ बघतोय.

लेक : घड्याळ या भिंतीवर आहे.

बाबा : ...बघतो खुंटीकडे. काय बिघडलं? 'भुशात जन्म काढायचा नाही मला' म्हणाला, मी म्हटलं, मग पुन्हा उंबरा चढू नकोस. बोलून गेलो. आता आपण होऊन बोलायला जीभ उचलत नाही. दिव्याचं बरं असतं गं. मान वर केली, अंधार दिसला, की रंधा पुन्हा हातात. कुणाला विचारावं लागत नाही. तुझा हा नवा उचलायचा, पुसायचा, उघडायचा, आणि मग त्यानं तोंडावर सांगायचं, काही नाही. कितीदा ऐकून घेऊ?

लेक : म्हणजे तुम्ही अजून जुन्याकडेच बघत बसता?

बाबा : मग! रोज चार्जिंगला लावतो. तांबडा दिवा लागतो की त्याचा. चांगला जिवंत आहे. गिऱ्हाइकंच खोटारडी झालीत. परवा एकजण दारात येऊन भांडून गेला, फोन उचलत नाही म्हणे. मी म्हटलं, दिवा लागला नाही, तू केलाच नसशील!

लेक : बाबा... मागच्या रविवारी मी जुन्यातलं सिम काढून नव्यात घातलं.

बाबा : मला सांगितलंस कुठे?

लेक : सांगितलं होतं. करवत चालू होती. तुम्ही मान हलवलीत.

बाबा : मान तर मी सगळ्यालाच हलवतो.

लेक : त्या जुन्यात आता कुणी येणारच नाही. आणा तो डबा इकडे.

बाबा : काय झालं? काय वाचतेस एवढं त्यात?

लेक : दादाचा मेसेज आहे. बुधवारचा. 'बाबा, शनिवारी माझी बस घरावरून जाणार आहे. उतरू का?'

बाबा : शनिवार म्हणजे आज.

लेक : खाली अजून एक आहे. कालचा.

बाबा : वाच.

लेक : 'बरं बाबा. नाही उतरत.'

बाबा : अगं, पण मी कुठे नाही म्हटलं! मी तर तिथं... त्या खुंटीकडे...

लेक : माहितीये. थांबा, फोन लावते त्याला.

बाबा : नको. त्याचं बोलणं मला ऐकू यायचं नाही, आणि त्याला वाटेल, बाप मुद्दाम गप्प आहे. मी लिहितो. 'उ' कुठे आहे यात?

लेक : हा इथं. बोटाचा भुसा पुसा आधी.

बाबा : उ... त... र. गेलं?

लेक : गेलं. ठेवा आता खाली.

बाबा : असू दे हातात. चिमणे, त्याच्या फोनला दिवा आहे का गं?

लेक : नाही, बाबा.

बाबा : मग बसच्या गडबडीत त्याला कळणार कसं?

लेक : कळेल. तोही हातातच धरून बसला असेल.