लाल बटण आणि नवा घण

...आणि वर साहेब मलाच विचारतात, ‘खुर्ची का मोडलीस?’ अहो, खुर्ची मोडली म्हणून दादाचा हात राहिला! तुम्हाला सांगते, मी दाराची बेल वाजली तरी दचकणारी मुलगी, आणि मला नोकरी मिळाली कुठे? तर हेल्मेटं फोडून बघायच्या प्रयोगशाळेत! एक यंत्र आपटतं, एक चिरडतं, एक घण घालतं... त्यांचे प्रोग्रॅम लिहायचे मी आणि दादानं. दादा म्हणजे सख्खा नव्हे हो, शेजारच्या टेबलावरचा सीनियर.

आता यंत्रं इतकी, पण त्यांना थांबवायचं लाल बटण एकच! बटणाला काय ठाऊक समोर कोण आहे? म्हणून इंटरफेस, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या प्रोग्रॅमनं पाळायचा करार. मी हौसेनं लिहिला होता. या खोलीत यायचंय ना, मग ‘थांब’ ही मेथड, म्हणजे थांबायची कृती, तुझ्यात हवीच. कसा थांबशील ते तुझं तू बघ, ब्रेक लाव नाहीतर वीज तोड, पण थांब म्हटलं की थांबायचं. वचन म्हणजे वचन!

काल नवा घण आला. त्याचा प्रोग्रॅम दादाचा. साहेब गिऱ्हाइकांना घेऊन उभे. धाड! हेल्मेटचे दोन तुकडे. टाळ्या! पुढचं हेल्मेट जरा तिरकं बसलं, तर दादा आत हात घालून सरळ करतोय आणि मला म्हणतो, ‘दाब गं बटण!’ दाबलं. धाड! ‘अगं दाब!’ ‘दाबलंय रे!’ धाड! बाही अडकली, दादा बोंबलतोय, साहेब टेबलाखाली, मी बटणावर बुक्क्या मारतेय, थांब, थांब मेल्या, वचन म्हणजे वचन... धाड! शेवटी उचलली लोखंडी खुर्ची आणि घातली टाळक्यात... घणाच्या हो! वायरी तुटेपर्यंत, ठिणग्या उडेपर्यंत हाणला. मेला एकदाचा!

मग कोड उघडला. ‘थांब’ होती की! कंस उघडलेला, कंस मिटलेला, आणि आत... काही नाही!

‘अगं, कंपायलर कोड घेईचना,’ दादा फाटकी बाही कुरवाळत म्हणाला, ‘सारखा आपला, थांब कुठाय, थांब कुठाय! म्हटलं, त्याचं तोंड तर बंद करू, आतलं नंतर भरू...’

झालं! कंपायलर म्हणजे कोड तपासून यंत्राला चालवायला देणारा प्रोग्रॅम; त्यानं नुसतं नाव बघितलं, तो खूश. आत कोण डोकावतो? वचन म्हणजे वचन म्हणे!

एवढ्यात टेबलाखालून साहेबांचं डोकं वर आलं. ‘सोमवारी पुन्हा दाखवायचंय. घण नीट होईल ना?’

दादानं माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या खुर्चीच्या पायाकडे.

‘हो साहेब!’ मी म्हटलं.

कंस उघडला, कंस मिटला.