सव्वा शेर रवा

(१९८२. वसई गावातला सिस्टरांचा दवाखाना, दुपार. आतल्या खोलीत तिघी: मुंबईच्या इस्पितळातून दर शनिवारी येणारी आहारतज्ज्ञ जुलियाना, कामणच्या कृष्णाबाई आणि त्यांची सून सुभद्रा.)

कृष्णाबाई : गहू? बाई, गव्हानं कोन आजारी पडतं का कदी? लोक गहू मिळत नाय म्हनून आजारी पडतात.

जुलियाना : मावशी, आधी बसा. सारख्या उठताय.

कृष्णाबाई : बसून कसं चालंल? आज पौर्निमा. दिवेलागनीला भटजी येनार. केळीचे खांब अजून दारात आडवे पडलेत, चौरंग मांडायचाय. माज्या तोंडात सकाळपासून पान्याचा थेंब नाय. तुमी आपलं औषध लिहून द्या, आमी निघतो.

जुलियाना : औषध नाहीच आहे, तेच सांगतेय. मागल्या आठवड्यात मुंबईला सुभद्राला नळीला बांधलेली बारकी डबी गिळवली होती ना?

सुभद्रा : अजून टोचतं घशात.

जुलियाना : त्या डबीनं आतड्याचा कणभर तुकडा आणला. आतड्याला आतून लव असते, मखमलीसारखी. खाल्लेलं अंगी लावायचं काम तिचं. सुभद्राची लव झडलीय. मग तूप घाला, खीर घाला, आलं तसं निघून जातं. मोठे डॉक्टर म्हणाले, ही लव गव्हानं खाल्ली.

कृष्णाबाई : म्हंजे आता गहू मानसाला खायला लागला!

जुलियाना : हसा तुम्ही. गेल्या खेपेला चौतीस किलो होती. आज बत्तीस.

कृष्णाबाई : हसू कुठलं बाई? हेच तर विहिरीवर चाललंय. "हिरामनची बायको लग्नात कशी भरलेली होती, आता रिकामी घागर उचलत नाय. सासू उपाशी ठेवते." माज्या तोंडावर म्हनतात! म्हनून मी पोळीला पोळी वाढवली. माजा हिरामन कारखान्यात लागला तेव्हापासून घरात पोळी आली, भाताचा डबा उघडला की तिथले हसतात त्याला. तर त्याला दोन पोळ्या नि हिला चार. वर गव्हाची खीर. आनि दिवाळीला नवस बोलले. हिच्या अंगावर मूठभर मांस चढंपर्यंत दर पौर्निमेला सत्यनारायन. सव्वा शेर रव्याचा प्रसाद, आनि पहिला द्रोन हिला.

जुलियाना : आणि तो खाल्ल्यावर काय होतं?

कृष्णाबाई : देवाच्या प्रसादानं काय व्हनार?

जुलियाना : मी सुभद्राला विचारलं.

सुभद्रा : काय नाय होत.

जुलियाना : सुभद्रा, इथं खोटं बोललीस तर मी काय करू?

सुभद्रा : ...पोट नगाऱ्यागत फुगतं. मग रात्रभर जा-ये. आईंना कळू नये म्हनून वाडीच्या मागच्या अंगाला जाते.

कृष्णाबाई : आनि सकाळी मला म्हनतेस, झोप छान लागली!

सुभद्रा : तुमी दिवसभर उपाशी राहून केलेला असतो. नको कसं म्हनू?

जुलियाना : बरं वाटतं असा एखादा दिवस असतो का?

सुभद्रा : असतो. एकादशीला.

कृष्णाबाई : हां, ते खरं. उपासाला एकदम टुनटुनीत! सारवन काय करील, लाकडाचा भारा काय आनील. दुसऱ्या दिवशी पोळपाट पुढ्यात आला की पोट धरून बसली. मी बोललेपन तिला, "उपासाला बरी नि पोळपाटाला आजारी, हे कसलं गं दुखनं?"

जुलियाना : उपासाला खाते काय?

कृष्णाबाई : वरी, रताळं, शेंगदाने, केळं. मला वाटलं, देव हिला उपासातच बळ देतो. म्हनून सोमवारपन धरायला लावला.

जुलियाना : देव देत असेल, मी नाही म्हणत नाही. पण मावशी, यातल्या कशात गहू नाही. दर एकादशीला तिचं पोट सांगत होतं आणि द्वादशीला आपण पुन्हा पोळी वाढत होतो.

कृष्णाबाई : आपन? तुमीच तर पहिल्या भेटीत सांगितलं, भात कमी करा, पोळी वाढवा, गव्हाचं सत्त्व द्या!

जुलियाना : सांगितलं. चुकले मी.

कृष्णाबाई : मग आता बरोबर कशावरून? उद्या म्हनाल तांदूळपन विष!

जुलियाना : मावशी, तेव्हा मी नुसती वजनाकडं बघून बोलले. आता आतडं बघितलंय. सुभद्रा, माहेरी काय खायचीस?

सुभद्रा : तांदळाची भाकर. पेज. खाडीचे मासे. पोळी सनालासुद्धा नसायची.

कृष्णाबाई : झालं! हेच ऐकायचं राहिलं होतं. बाई, हिचा भाऊ येतोय आज, रामनाथ. नाव पूजेचं, पन येतोय हिला न्यायला. म्हनतो, माहेरी धडधाकट होती, तुमच्या घरात वाळली, आता परत पाठवनार नाय. म्हंजे त्याचंच खरं? माज्या घरात पाऊल टाकलं नि आजारी पडली?

जुलियाना : तुमच्या घरामुळं नाही, तुमच्या डब्यातल्या गव्हामुळं. ऐका आता नीट. पोळी, पाव, रवा, शेवया, बिस्कीट, सगळं बंद. डबीतला हिंगसुद्धा, त्यात मैदा मिसळतात. भात, भाकरी, नाचणी, मासे, केळी, हवं तेवढं खाऊ दे. पोळीच्या पोळपाटावर तिची भाकरी थापायची नाही.

कृष्णाबाई : किती दिवस?

जुलियाना : कायमचं. लव हळूहळू परत उगवेल.

कृष्णाबाई : म्हंजे नव्यानं लावनी.

जुलियाना : अगदी तसंच. मधे एकदा गहू गेला की पीक आडवं.

कृष्णाबाई : बरं. पोळी बंद. खीर बंद. हिंग... बरं, तोपन बंद. आजचा प्रसाद तेवढा—

जुलियाना : नाही.

कृष्णाबाई : द्रोन नको. चिमटीभर.

जुलियाना : नाही.

कृष्णाबाई : जिभेला नुसता लावून?

जुलियाना : मावशी, कणसुद्धा नाही.

कृष्णाबाई : प्रसाद टाळला की घरादाराचं काय होतं ते कथेत ऐकलंय मी, लहानपनापासून. तुमाला नाय कळायचं ते. तुमचा देव येगळा.

जुलियाना : वेगळा कसला! मिस्सेला फादर आमच्या जिभेवर ठेवतात, तो प्रसादही गव्हाचाच. गिरीजच्या एमिलीला हेच दुखणं आहे. तिला "घेऊ नको" म्हणून मलाच सांगावं लागलं. माझ्या आईची मैत्रीण ती. देवळाच्या दारात अजून तोंड फिरवते मला बघून.

कृष्णाबाई : मग? घेतेच का ती?

जुलियाना : फादरनी वाट काढली. त्या गव्हाच्या प्रसादाऐवजी तिला घोटभर द्राक्षारस देतात.

कृष्णाबाई : चालतं ते?

जुलियाना : त्यांनी वर विचारून घेतलं. चालतं.

सुभद्रा : आई, मी बोलू? मी जाते दादाबरोबर. मी नसले की प्रसाद नको म्हनायचा प्रश्न नाय. तुमचा नवस नाय मोडनार, नि विहिरीवर तुमाला कोन बोलनार पन नाय.

कृष्णाबाई : गप गं. नवस काय माज्यासाठी बोलले? तू नसल्यावर कोनाच्या अंगावर मांस चढवू, चौरंगाच्या?

सुभद्रा : पन आई—

कृष्णाबाई : थांब. दोघी जरा गप बसा. ...भटजी भराभरा वाचतात. बायका तेव्हा गजरे नि लुगडी बघतात, पन मी ऐकते. प्रसादाचं येतं तिथं... गव्हाचा रवा, सव्वा मापानं. आनि तो नसंल तर तांदळाचं पीठ. हाय. पोथीतच हाय!

जुलियाना : मग सुटलं की! आज तांदळाच्या पिठाचा करा.

कृष्णाबाई : सुटलं कुठं? "नसंल तर" म्हटलंय. माज्या कोठीत अर्धं पोतं गहू हाय. रवा सकाळीच निवडून ठेवलाय. असताना नाय म्हनू? नि तेपन देवाला?

जुलियाना : मग सगळ्यांना रव्याचा, सुभद्रापुरता तांदळाचा.

कृष्णाबाई : देवापुढं दोन पातेली? सगळ्यांचा एक नि सुनेचा एक? तिचा भाऊ समोर बसलेला असनार. काय समजंल तो? आधीच म्हनतो, आमच्या पोरीला परकी धरतात.

सुभद्रा : मी आत बसेन. कोनाला दिसनार नाय.

कृष्णाबाई : पहिला द्रोन जिचा, ती आत बसनार? वा गं वा! ...बाई, तुमच्या घड्याळात किती वाजले?

जुलियाना : सव्वातीन.

कृष्णाबाई : यष्टी कितीला?

सुभद्रा : साडेतीनची हाय.

कृष्णाबाई : ऊठ मग. उतरल्या उतरल्या धावत शेजारच्या हंसाच्या घरी जा. तिच्या दोन पोरांना पोतं उचलायला बोलव. गहू, कनीक, निवडलेला रवा, जे हाय ते तिच्याकडं जाऊ दे. शेवयांचा डबापन. हिंगाची डबी विसरशील, आठवनीनं दे.

सुभद्रा : सगळा गहू?

कृष्णाबाई : दाना ठेवायचा नाय. सूप झटक, कोठी पुसून घे. पोळपाट मी घासते. मग सव्वा शेर तांदूळ घे नि जात्याला बस. जातं आधी धुऊन घे हां.

सुभद्रा : आनि ह्यांचा डबा?

कृष्णाबाई : भाकर नेईल. हसले तर हसले, त्याची बायको काय कारखान्यात नाय मिळायची.

जुलियाना : मावशी, महिन्यानं आणा हिला. वजन लगेच नाही वाढणार, धीर सोडू नका.

कृष्णाबाई : धीर माज्याकडं कुठला, बाय? देवाकडनं आनते रोजचा रोज. तू ये पुढल्या पौर्निमेला. हिच्या पातेल्यातलंच वाढीन तुला.

सुभद्रा : आई, दादाला काय सांगू?

कृष्णाबाई : काय नको सांगू. पहिला द्रोन तू घे, दुसरा त्याच्या हातात दे. खाऊ दे. मग बोलू.

सुभद्रा : नि भटजींनी विचारलं, रवा कुठाय?

कृष्णाबाई : सांगायचं, आमच्या घरात गहू नसतो.