पोरगी कराडला हाय

आमी मूळचे आटपाडीकडचे धनगर. आजा मेंढरामागं गेला, बा मेंढरामागं गेला, मी तेवढा सांगलीला हळदीमागं आलो. वीस वर्सं वर झाली हळदीच्या गिरणीत. काय सांगू तुमाला, मी कृष्णेत बुडी मारली तर खालच्या गावच्या बाया त्या पाण्यात हळद न घालता डाळ शिजिवत्यात. माझी सावली बी पिवळीच पडती.

तर त्या दिवशी दुपारी जावयाचा फोन आला, मामा, सुमन बाळंतपणात अडलीय, रगात लय गेलंय, तिचा गट हितं मिळंना, तुमचं जुळतंय, आसाल तसं या. लेक माझी कराडच्या दवाखान्यात आन् मी सांगलीत. त्वांड बी न धुता पळालो, रस्त्यावर येऊन हात केला. एरवी आमच्यासारख्यानं हात केला की गाडीवाला जास्तच पळिवतो. त्या दिवशी, आवं, एका गाडीला हात केला तर सात थांबल्या! दोन टेम्पोवाल्यांची तर जुंपली, नवरदेव माझ्या गाडीत बसंल म्हणून. तवा मला उमगलं, ही माणसं मला हळद लागलेला नवरदेव समजत्यात! भाजी इकणारी म्हातारी वरडली, हळदीच्या अंगानं एकटं भाईर पडत्यात व्हय रं मुडद्या, हातात लोखंड तरी धर, आन् तिनं आपला विळाच माझ्या हातात दिला.

बसलो एका बुलेटवर. चालिवणारा सागर, पस्तिशीचा, घरचा आठ एकर ऊस, पर लगीन जमंना. इचारतोय, मामा, ह्या वयात जमलं? म्हणलं, जमलं बाबा. पोरगी कुठली? म्हणलं, पोरगी कराडला हाय, वाट बघतीय. वेळ गाठायची का? म्हणलं, वेळ टळली तर सपलंच. आता तुमीच सांगा, ह्यात खोटं काय बोललो? तो म्हणला, तुमचं जमलं मंजी माझं बी जमंल, आन् गाडी अशी हाणली की मैलाचं दगड बाजूला सरकून वाट देत हुतं. पेठनाक्यावर ही गर्दी, तर सागर वरडला, नवरदेव हाय! अख्खा नाका दुभागला. ट्रॅफिकच्या हवालदारानं शिट्टी सोडून हात जोडले. माणसात एवढी माया दडून बसलीय, ते मला पन्नाशीत दिसलं.

दवाखान्याच्या दारात सागर गार पडला. मांडव कुठं हाय मामा? मी समदं सांगून टाकलं. म्हणतो, मग आधीच का न्हाई सांगितलं? म्हणलं, सांगितलं आसतं तर थांबला आसतास? त्यानं गाडी बंद केली. म्हणला, न्हाई. कुणीतरी प्यालेला आसंल म्हणून गेलो आसतो. मग माझ्या हातातला विळा काढून घेतला आन् म्हणला, पळा.

लेक वाचली, नात झाली. आठवड्यानं सागरकडनं विळा घिऊन परत द्यायला गेलो तर म्हातारी इचारती, नवरी बरी हाय का? म्हणलं, बरी हाय, पोरगी झाली. म्हातारी अजून माझ्याकडं टक लावून बघती.

नात आता चार वर्सांची हाय. सागर चाळिशीला आला, तिला खाऊ घिऊन येतो, गिरणीत घटकाभर बसतो. त्याचं अजून जमलं न्हाई. मी त्याच्यासाठनं एक डबा हळद येगळी काढून ठिवलीय, दर साली जुनी काढून नवी भरतो. यमाई, एवढं ऐक गं बाई. त्या पोराच्या अंगाला ती खरी लागू दे.